चार मिनिटांचा वसंत आणि अनेक षड्ज

पेटीवर पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तीन पट्ट्या एकदम दाबल्या, तर पांढरी एकला सा धरून सा-ग-प ऐकू येतात. स्वरमेळ गोड लागतो. त्या सोडून काळी तीन, काळी पाच आणि वरच्या सप्तकातली काळी एक दाबली, तरीही सा-ग-पच ऐकू येतात. फक्त या वेळी सा काळी तीनवर गेला आहे. हाही स्वरमेळ गोड लागतो. आता दोन्ही हातांनी या सहाही पट्ट्या एकदम दाबून पाहा. कोणीही कान टवकारेल, बहुतेक जण तोंड वाकडे करतील.

दोन गोड गोष्टी एकत्र आल्यावर कडू चव कुठून आली? ती हवेतल्या कंपनांत आहे, कानाच्या रचनेत आहे, की आपल्या सवयीत? आणि एखाद्या संगीतकाराने हाच प्रकार मुद्दाम, गांभीर्याने आणि लोकांना आवडावा म्हणून केला, तर त्याला संगीत म्हणायचे की गोंगाट? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात या प्रश्नावरून पुष्कळ वाद झाला. त्या वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या एका फ्रेंच संगीतकाराची एक अगदी छोटी रचना घेऊन आपण या प्रश्नाकडे पाहणार आहोत.

एका वेळी एकच सा?

आपल्या रागसंगीतात मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरा जुळवला जातो आणि सा ठरतो. पुढचे सगळे स्वर त्या साच्या नात्याने ओळखायचे. पाश्चात्त्य संगीतात तंबोरा नसतो, पण तिथेही रचनेला एक घर असते. ‘ही रचना सी मेजरमध्ये आहे’ याचा ढोबळ अर्थ असा, की पांढरी एक हा सा आहे, त्यावर सगळे शुद्ध स्वर आहेत आणि चाल फिरून शेवटी या घरी परतणार आहे. या घराला आपण ‘पट्टी’ म्हणू. आपले गायकही ‘माझी पट्टी काळी चार’ असे म्हणतातच.

पाश्चात्त्य रचनांमध्ये मधेच पट्टी बदलण्याची प्रथा जुनी आहे. थोडा वेळ पांढरी एकच्या घरी राहून मग पांढरी पाचच्या घरी जायचे आणि परत यायचे. पण ही घरे एकामागून एक येतात. एकाच वेळी दोन किंवा अधिक पट्ट्यांत वाजवणे याला ‘पॉलिटोनॅलिटी’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘बहुषड्ज’ पद्धत म्हणू. बासरीचा सा एक, व्हायोलिनचा दुसरा, चेलोचा तिसरा, आणि तिघेही एकाच वेळी वाजवत आहेत असा हा प्रकार.

ही कल्पना विसाव्या शतकाची नव्हे. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग इथे काम करणाऱ्या हाइनरिख बीबर या संगीतकाराने १६७३ साली ‘बातालिया’ नावाची तंतुवाद्यांची रचना लिहिली. तिच्या एका भागात सैनिक एकाच वेळी आठ वेगवेगळी गाणी म्हणत आहेत असे दाखवले आहे. गाण्यांच्या पट्ट्या जुळत नाहीत. वादकांना ही लिहिण्यातली चूक वाटू नये म्हणून बीबरने तिथे टीप दिली, की इथे सगळीकडे विसंवादच आहे, कारण दारू प्यालेली माणसे अशीच ओरडतात. पुढे १७८७ साली मोत्सार्टने ‘संगीतातला विनोद’ या नावाची एक रचना केली. तिच्या अगदी शेवटी शिंग, पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि खालचा तंतुवाद्यांचा स्वर हे पाचही जण पाच वेगळ्या पट्ट्यांत संपतात. अडाणी संगीतकाराची ती टिंगल होती.

दोन्ही ठिकाणी बहुषड्ज म्हणजे थट्टा होती. एकाहून अधिक सा एकत्र आले की तिथे दारूडे असणार, नाहीतर अडाणी असणार, असे श्रोत्यांनी समजायचे. हीच गोष्ट दारूड्यांऐवजी वसंत ऋतूसाठी वापरायला एक माणूस १९१७ साली बसला.

रिओमधला वसंत

दारियुस मियो याचा जन्म १८९२ साली दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय इथे झाला आणि बालपण जवळच्या एक्स-आं-प्रोव्हांस या गावी गेले. पहिले महायुद्ध चालू असताना प्रकृतीच्या कारणाने त्याला सैन्यात घेतले नाही. पॉल क्लोदेल हा कवी त्या वेळी ब्राझीलमध्ये फ्रान्सचा राजदूत म्हणून नेमला गेला. आपला सचिव म्हणून तो मियोला बरोबर घेऊन गेला. १९१७ च्या फेब्रुवारीत, ऐन कार्निव्हलच्या दिवसांत, चोवीस वर्षांचा मियो रिओ द जानेरोला पोहोचला.

त्याच वर्षी तिथे त्याने आपली पहिली छोटी सिंफनी लिहिली. तिचे नाव ‘ल प्रँताँ’, म्हणजे वसंत. सिंफनी म्हटले की शंभर वादकांचा ताफा आणि तासभराचे वादन डोळ्यांसमोर येते. माहलरच्या तिसऱ्या सिंफनीला दीड तास लागतो. मियोच्या वसंताला साधारण चार मिनिटे पुरतात, आणि त्या चार मिनिटांतही तीन स्वतंत्र भाग आहेत. पहिला चालत्या गतीचा, दुसरा गाण्यासारखा आणि तिसरा जलद. वादक फक्त नऊ. पिकोलो म्हणजे छोटी, उंच स्वराची बासरी, मग बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायची वाद्ये, हार्प, आणि दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. मोठ्या सभागृहाऐवजी एखाद्या दालनातही मावेल असा हा वाद्यवृंद. त्यालाच ‘चेंबर ऑर्केस्ट्रा’ म्हणतात.

‘सिंफनी’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘एकत्र निनादणे’ एवढाच आहे. सतराव्या शतकातील इटलीत वाद्यांच्या छोट्या तुकड्यालाही सिंफनी म्हणत. मियोने तोच जुना, साधा अर्थ घेतला. १९१७ ते १९२३ या काळात त्याने अशा सहा छोट्या सिंफनी लिहिल्या. प्रत्येक काही मिनिटांची आणि प्रत्येकीत वाद्यांचा संच वेगळा. एखादा प्रयोगशाळेत काम करणारा माणूस जसे एक द्रावण छोट्या परीक्षानळ्यांत निरनिराळ्या प्रकारे तपासून पाहतो, तसे हे काम होते. तपासायची वस्तू होती बहुषड्ज.

पहिल्या सिंफनीत वाद्यांच्या चाली एकेकट्या ऐकल्या तर त्यांत अवघड काही नाही. पोरांनी गुणगुणाव्यात अशा त्या साध्या, लहान चाली आहेत. पण त्या एकावर एक येतात तेव्हा त्यांचे सा जुळत नाहीत. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पेटीवरच्या सहा पट्ट्यांसारखा धक्का बसत नाही. थोडे धुके असलेल्या सकाळी बागेतून निरनिराळे आवाज यावेत तसे वाटते. नियम मोडला, पण शिक्षा झाली नाही. असे का झाले हे समजण्यासाठी आधी धक्क्याचे शास्त्र पाहू.

खरखर कुठून येते?

पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक २६१.६ हर्ट्झला लावली आहे असे धरू. म्हणजे पातीची कंपने सेकंदाला सुमारे २६२. मग पांढरी पाच ३९२ हर्ट्झ आणि काळी तीन ३७० हर्ट्झ येते. या दोन्ही एकदम वाजल्या की त्यांच्या लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. आवाज सेकंदाला ३९२ वजा ३७०, म्हणजे २२ वेळा कमीजास्त होतो. यालाच भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. सेकंदाला दोन-तीन विस्पंद असतील तर आवाज सावकाश हेलकावतो आहे असे वाटते. वाद्य जुळवणारे कारागीर यावरूनच सूर मिळवतात. पण विस्पंद वीस-तीस झाले की ते मोजता येत नाहीत आणि कानाला नुसती खरखर जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात विसंवादाचे मूळ या खरखरीत आहे असे मांडले.

पण मग फरक वाढत गेला तर खरखर वाढतच का जात नाही? याचे उत्तर कानाच्या आतल्या कर्णावर्तात आहे. गोगलगायीच्या शंखासारख्या या अवयवात एक लांबट पडदा असतो. उंच स्वरांनी त्याचे एक टोक हलते, खालच्या स्वरांनी दुसरे. दोन स्वर जवळचे असतील तर पडद्याचा एकच भाग दोघांना उत्तर देतो आणि तिथे गोंधळ होतो. स्वर पुरेसे दूर असतील तर दोन वेगळे भाग हलतात आणि गोंधळ संपतो. मधल्या सप्तकात हा पल्ला सुमारे शंभर हर्ट्झचा आहे. वर जावे तसा तो रुंद होतो. हॉलंडमधील प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५ साली दाखवले, की दोन साध्या स्वरांतला फरक या पल्ल्याच्या साधारण एक चतुर्थांश असतो तेव्हा खरखर सर्वांत जास्त जाणवते. आपल्या २२ विस्पंदांची जोडी बरोबर या ठिकाणी येते.

शिवाय कोणतेही वाद्य एकच वारंवारता देत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही वाजतात. पांढरी एकचा दुप्पट उपस्वर ५२३ हर्ट्झवर येतो आणि वरच्या सप्तकातली काळी एक ५५४ वर. तिथे आणखी ३१ विस्पंद. सहा पट्ट्या दाबल्यावर अशा अनेक टकरी एकाच वेळी होतात.

यातून सुटकेची वाटही दिसते. टक्कर होते ती दोन स्वर जवळ आले म्हणून. एक चाल खालच्या सप्तकात आणि दुसरी दोन सप्तके वर नेली तर मूळ स्वर एकमेकांच्या पल्ल्यात येतच नाहीत. खर्जातली पांढरी एक १३१ हर्ट्झ आणि वरची काळी एक ५५४ हर्ट्झ यांत ४०० हून अधिक हर्ट्झचे अंतर आहे. उरलेली टक्कर फक्त खालच्या स्वराच्या चौपट उपस्वराशी, आणि तो मूळ स्वरापेक्षा सहसा क्षीण असतो. चेलो खाली आणि पिकोलो सर्वांत वर ठेवणाऱ्या मियोच्या नऊ वाद्यांना ही सोय आपोआप मिळते.

एक आवाज की अनेक?

खरखर टळली तरी दुसरा प्रश्न उरतो. हवेतून कानाच्या पडद्यावर येते ती एकच लाट. नऊ वाद्यांची नऊ कंपने तिच्यात मिसळलेली असतात. त्यातून ‘ही बासरी, हा चेलो’ असे वेगळे करण्याचे काम मेंदूला करावे लागते. वर्गात तीस मुले बोलत असताना शिक्षकाला मागच्या बाकावरचा एक आवाज बरोबर ओळखता येतो, तेव्हा मेंदू हेच काम करत असतो.

हे काम कसे चालते याचा अभ्यास कॅनडातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट ब्रेगमन यांनी अनेक वर्षे केला आणि १९९० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मेंदू काही ठरावीक खुणा वापरतो असे त्यांनी दाखवले. जे स्वर एकाच क्षणी सुरू होतात ते एकाच उगमातून आले असावेत असे तो धरतो. जे स्वर उंचीने जवळ आहेत ते एका ओळीत जोडतो. ज्यांचा पोत सारखा, म्हणजे जे एकाच वाद्याचे वाटतात, त्यांचा एक गट करतो. जे एकाच लयीत एकाच दिशेला वर-खाली होतात त्यांनाही एकत्र ठेवतो. या खुणा विरुद्ध असतील, तर आवाजांचे वेगवेगळे प्रवाह पडतात.

आता पेटीवरचा प्रयोग पुन्हा आठवा. वाद्य एक, सप्तक जवळजवळ तेच, सुरुवात एकाच क्षणी. सगळ्या खुणा ‘हा एकच आवाज आहे’ असे सांगतात. साहजिकच मेंदू सहा स्वरांचा एक गोळा करतो आणि तो गोळा त्याला खरखरीत लागतो. मियोच्या सिंफनीत वाद्ये वेगळी, उंची वेगळी, चालींची सुरुवात आणि लय वेगळी. सगळ्या खुणा ‘हे अनेक जण आहेत’ असे सांगतात. छोटा वाद्यवृंद इथे महत्त्वाचा ठरतो. मोठ्या ताफ्यात पंधरा-सोळा व्हायोलिनवादक एक चाल एकत्र वाजवतात, तेव्हा त्यांचा आवाज जाड आणि पसरट होतो. एकेकट्या वाद्याची रेघ बारीक असते. बारीक रेघांची नक्षी एकमेकींवरून गेली तरी प्रत्येक रेघ दिसते. रुंद ब्रशचे फटकारे एकमेकांवर आले की रंग कालवला जातो.

मियोला ब्रेगमनचे शास्त्र माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण कानाने त्याला हे उमगले होते. एका प्रसिद्ध लेखात, १९२३ साली, त्याने बहुषड्जाचे मूळ स्वरमेळांत नव्हे तर चालींमध्ये शोधले. एक गायक चाल सुरू करतो आणि दुसरा थोड्या वेळाने तीच चाल वेगळ्या स्वरापासून उचलतो, या जुन्या ‘कॅनन’ प्रकारात त्याला बहुषड्जाचे बीज दिसले. दुसऱ्याने चाल पंचमापासून उचलली आणि सगळी अंतरे तंतोतंत तशीच ठेवली, तर त्याचा सा पंचमावर गेलेलाच असतो.

थोडे गणित

त्याच लेखात मियोने आणखी एक काम केले. कोणकोणत्या पट्ट्या एकत्र आणता येतील याची त्याने रीतसर मोजणी मांडली. हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल.

सप्तकात बारा स्वर. पहिला सा पांढरी एकवर पक्का केला तर दुसऱ्या साला ११ जागा उरतात. प्रत्येक पट्टीचे दोन मुख्य प्रकार आहेत. मेजर, म्हणजे ढोबळपणे शुद्ध गंधाराचा. आणि मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा. दोन पट्ट्यांचे प्रकार चार तऱ्हांनी निवडता येतात. म्हणून ११ गुणिले ४, एकूण ४४ जोड्या. तीन पट्ट्या घ्यायच्या तर उरलेल्या ११ जागांपैकी दोन निवडायच्या. त्या ५५ प्रकारे निवडता येतात, आणि तीन पट्ट्यांचे प्रकार आठ तऱ्हांनी. म्हणजे ४४०.

पण या सगळ्या जोड्या सारख्याच तीव्र नाहीत. शुद्ध स्वरांच्या दोन पट्ट्यांत समान स्वर किती, हे मोजून पाहा. दुसरा सा पहिल्याच्या पंचमावर किंवा मध्यमावर असेल तर सातपैकी सहा स्वर समान निघतात. तो शुद्ध रिषभावर असेल तर पाच, कोमल गंधारावर असेल तर चार, शुद्ध गंधारावर तीन, आणि कोमल रिषभावर किंवा तीव्र मध्यमावर असेल तर फक्त दोन. सुरुवातीच्या प्रयोगातला काळी तीन हा पांढरी एकचा तीव्र मध्यमच आहे. म्हणजे आपण सर्वांत दूरच्या घरांपैकी एक निवडले होते. हाच स्वरमेळ रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की याने १९११ सालच्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेत वापरला आणि तो त्या बाहुल्याच्या नावानेच ओळखला जातो.

उलट टोकाचे उदाहरण आपल्याकडे आहे. स्त्री आणि पुरुष गायकांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. दोघांनी एकत्र गायचे तर एकाला तडजोड करावी लागते. पंडित जसराज यांनी मूर्च्छनेच्या तत्त्वावर यातून वाट काढली. तिला जसरंगी म्हणतात. यात दोघे आपापल्या पट्टीत, आपापल्या साला धरून, वेगवेगळे राग एकाच वेळी गातात. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची अशी जुगलबंदी अनेकांनी ऐकली असेल. उदाहरणार्थ, आभोगीचे स्वर सा, रे, कोमल ग, म, ध. याच्या मध्यमाला सा मानून पुढे मोजत गेले तर मिळतात सा, ग, प, ध, कोमल नी. म्हणजे कलावती. एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा षड्ज. सा दोन आहेत, पण हवेतले स्वर पाचच. त्यामुळे टक्कर जवळजवळ नाहीच. मियोच्या कामाशी याचा ऐतिहासिक संबंध नाही. पण ‘दोन सा’ म्हणजे आपोआप बेसूर नव्हे, हे आपल्या कानांना पटवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. फरक एवढाच, की जसरंगीत दोन सा एकाच स्वरसमूहाचे असतात आणि बहुषड्जात स्वरसमूहही वेगळे होतात.

गोंगाट की संगीत?

मियो फ्रान्सला परतला आणि १९२० साली पॅरिसमध्ये त्याच्या ‘प्रोते’ या नाटकाच्या संगीतावरील रचना मोठ्या वाद्यवृंदाने वाजवली. गाब्रिएल पिएर्ने संचालक होते. सभागृहात आरडाओरडा झाला. पंच्याऐंशी वर्षांचे ज्येष्ठ संगीतकार सँ-साँस यांनी पिएर्ने यांना निषेधाचे पत्र लिहिले. निरनिराळ्या वाद्यांनी निरनिराळ्या पट्ट्यांत वाजवले म्हणजे संगीत होत नाही, गलका होतो, असा त्याचा आशय होता. तरुणाच्या खोडीवर म्हाताऱ्याचा राग एवढेच त्यात नव्हते. जर्मन संगीतकार पॉल हिंडेमिट स्वतः नव्या पिढीचा होता. त्यानेही १९३७ च्या आपल्या ग्रंथात बहुषड्जावर आक्षेप घेतला. कागदावर दोन पट्ट्या लिहिता येतील, पण कान एका क्षणी जे ऐकतो त्या सगळ्याचा मिळून एकच हिशेब करतो, असे त्याचे म्हणणे होते.

हा आक्षेप प्रयोगाने तपासता येतो. अमेरिकेतील कॅरोल क्रुमहान्सल आणि मार्क श्मकलर यांनी १९८६ साली ‘पेत्रुश्का’मधील त्या दुहेरी स्वरमेळाचा उतारा घेऊन चाचण्या केल्या. उतारा ऐकवल्यानंतर एकेक स्वर वाजवून तो कितपत ‘बसतो’ असे विचारायचे, ही त्यांची पद्धत. या उत्तरांतून श्रोत्याच्या मनात कोणता सा आहे ते कळते. निष्कर्ष हिंडेमिटच्या बाजूचा निघाला. एकाच थराकडे लक्ष द्या असे सांगितले तरी श्रोत्यांना दोन पट्ट्या वेगळ्या ठेवता आल्या नाहीत.

मग मियो हरला का? हा निकाल वाचताना उतारा कोणता होता हे पाहिले पाहिजे. तिथे मुळात दोन क्लॅरिनेट, म्हणजे एकाच पोताची दोन वाद्ये, एकाच लयीत, जवळजवळच्या उंचीवर वाजतात. ब्रेगमन यांच्या सगळ्या खुणा दोघांना एकत्र बांधणाऱ्या आहेत. नऊ वेगळ्या वाद्यांच्या नऊ रेघांना हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दुसरी बाजूही मान्य करायला हवी. दोन चाली वेगळ्या ऐकू येणे आणि दोन सा एकाच वेळी तितक्याच जोराने मनात असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सहज शक्य आहे. दुसरी बहुधा क्वचितच घडते. आपण एका चालीच्या घरात बसतो आणि दुसरी खिडकीतून येत राहते. मग लक्ष सरकते आणि आपण त्या घरात जातो. बहुषड्ज रचना इतक्या छोट्या का, याचेही उत्तर यात असावे. अशी ये-जा चार मिनिटे आनंदाची वाटते. तासभर ती थकवणारी ठरेल.

राहिला प्रश्न आवडीचा. अमेरिकी संशोधक जॉश मॅकडरमट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली बोलिव्हियाच्या अरण्यात राहणाऱ्या त्सिमाने लोकांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांच्या परंपरेत अनेकांनी वेगवेगळे स्वर एकत्र गाण्याची पद्धत नाही. त्यांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले, तेव्हा दोन्ही त्यांना सारखेच आवडले. मात्र विस्पंदांची खरखर असलेला आवाज त्यांनाही इतरांसारखाच नकोसा वाटला. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. खरखर कानाच्या रचनेतून येते आणि ती सर्वांना सारखी आहे. ‘हे स्वर एकमेकांचे नव्हेत’ ही नापसंती मात्र बऱ्याच अंशी आपण ज्या संगीतात वाढलो त्यातून येते. सँ-साँस यांनी या दोन गोष्टी एकच मानल्या. मियोने वाद्ये, उंची आणि लय वेगवेगळी ठेवून पहिली बरीच कमी केली आणि दुसरीला आव्हान दिले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर, १९४० साली, ज्यू असलेला मियो अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात शिकवू लागला. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक हा तिथला त्याचा विद्यार्थी. मियो १९७४ साली जिनिव्हात वारला.

वर्गात करून पाहण्यासाठी

या प्रयोगाला एक पेटी, एक बासरी आणि चुणचुणीत मुले पुरतात. दोन पेट्या नसतील तर दुसऱ्या पट्टीसाठी मोबाइलवरील पेटीही चालेल. मुलांना पाठ असलेल्या दोन साध्या चाली निवडा.

पहिल्या वेळी दोन्ही चाली पेटीवर, एकाच सप्तकात, एकत्र सुरू करून वाजवा. एकीचा सा पांढरी एक, दुसरीचा काळी एक. दुसऱ्या वेळी पट्ट्या त्याच ठेवून दुसरी चाल वरच्या सप्तकात न्या. तिसऱ्या वेळी दुसरी चाल बासरीवर घ्या आणि ती दोन-चार मात्रा उशिरा सुरू करा. त्या बासरीवर काळी एकचा सा निघत नसेल, तर पेटीवरची चाल अर्धा स्वर वर-खाली करून दोन सांमधले अंतर तेवढेच राखा. चौथ्या वेळी सगळे तिसऱ्यासारखेच, पण दुसऱ्या चालीचा सा पहिलीच्या पंचमावर आणा.

प्रत्येक वेळी मुलांना दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना न दाखवता लिहू द्या. खरखर किती वाटली, शून्य ते पाचपैकी गुण द्या. आणि वाजवणे थांबल्याबरोबर जो सा मनात येईल तो गुणगुणा. तो कोणत्या चालीचा आहे? पहिल्या उत्तरातले गुण पहिल्या वेळेपासून चौथ्या वेळेपर्यंत उतरत जावेत असे आपले शास्त्र सांगते. दुसऱ्या उत्तराबद्दल आधीच काही सांगू नका. वर्गातली अर्धी मुले एका घरात आणि अर्धी दुसऱ्या घरात बसलेली आढळली, तर हिंडेमिट आणि मियो यांच्यातला वाद तुमच्या वर्गात पुन्हा सुरू झाला असे समजा. त्यानंतर चार मिनिटे काढून ‘ल प्रँताँ’ ऐकवा. एकदा पिकोलोच्या मागे जायला सांगा, दुसऱ्यांदा चेलोच्या.